पिल्लू कधी मेलं ते आधी बघा : उबवणीच्या मशिनचा जुना हिशेब



उबवणीच्या मशिनबद्दल जे प्रश्न येतात त्यात एक कायम ठरलेला असतो. "साठ अंडी टाकली, बावीसच पिल्लं निघाली. मशिन बदलू का?" सोबत मशिनचा फोटो आणि डिस्प्लेवर ९९.५ आकडा दिसतोय त्याचा फोटो. उरलेल्या अडतीस अंड्यांचा फोटो मात्र नसतो. ती बाविसाव्या दिवशी उकिरड्यावर गेलेली असतात.

मला विचाराल तर उत्तर त्या अडतीस अंड्यांत होतं. कोंबडीला बाजूला ठेवून अंडी उबवायला माणसानं सुरुवात केली त्याला दोन हजारांहून जास्त वर्षं झाली. एवढ्या काळात या कामात जी जी गडबड होऊ शकते ती कुठं ना कुठं होऊन गेलीय, आणि तिचं कारणही शोधून झालंय. आपल्या थर्माकोलच्या डब्यात आज जे बिघडतं त्यातलं जवळपास काहीच नवीन नाही. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो, पण कामापुरता.

सुरुवात इजिप्तपासून. इजिप्तमध्ये अंडी जमिनीत, शेणखताच्या उबेत उबवतात असं ॲरिस्टॉटलनं इसवी सनाच्या आधी चौथ्या शतकात लिहून ठेवलंय. पुढे तिथं कच्च्या विटांच्या मोठ्या भट्ट्या झाल्या. मधून बोळ, दोन्ही बाजूंना दुमजली खोल्या. खालच्या खोलीत अंडी, वरच्या खोलीत कडेनं केलेल्या नालीत शेण आणि काडाच्या गोवऱ्यांचा मंद विस्तव. ऊब वरून खाली अंड्यांवर यायची, धूर छताच्या भोकातून जायचा. नाईलच्या मुखाकडच्या सखल मुलखात बर्मा नावाचं गाव आहे (आपल्या शेजारचा ब्रह्मदेश नव्हे). तिथले लोक या कामात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज होते, आणि आपली विद्या बाहेर सांगत नव्हते. थर्मामीटर नव्हताच. अंडं उचलायचं, डोळ्याच्या पापणीला लावायचं आणि ऊब जास्त की कमी ते ओळखायचं. पापणीची कातडी पातळ, तिला लगेच कळतं.

या भट्टीवाल्यांचा अंडी देणाऱ्याशी करार ठरलेला असायचा. तीन अंड्यांमागे दोन पिल्लं मालकाला परत द्यायची, त्यावर जी निघतील ती भट्टीवाल्याची. हा आकडा लक्षात ठेवा. वांझ अंडी, फुटकी अंडी, सगळं धरून तीनात दोन. शेणाच्या विस्तवावर, थर्मामीटरशिवाय. म्हणजे साठ टाकल्यावर चाळीस निघाली तर रडायचं कारण नाही, आणि बावीस निघाली तर काहीतरी नक्की चुकतंय. साठच्या साठ मागणाऱ्याला मी काही सांगू शकत नाही.

त्या भट्टीतली एक गोष्ट मला सगळ्यात हुशारीची वाटते. निम्मे दिवस होत आले की ते विस्तव बंद करायचे आणि बरीचशी अंडी वरच्या खोलीत हलवायचे. पुढचे दिवस आगीशिवाय. असं का, ते त्यांनी कुणाला लिहून दिलं नाही. ते कारण कोर्टात सांगायची वेळ फार पुढे आली, त्याकडे येतोच.

या भट्ट्यांचा युरोपात सगळ्यात जास्त ध्यास घेतला तो रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञानं. ज्याच्या नावानं तापमानाचं एक माप चालायचं तोच हा. १७४९ साली त्यानं कोंबडीशिवाय पिल्लं काढण्यावर दोन खंडांचं पुस्तक छापलं. इजिप्तला पिरॅमिडपेक्षा या भट्ट्यांचा जास्त अभिमान वाटायला हवा, अशा अर्थाचं त्यानं लिहिलंय. पॅरिसमध्ये त्यानं शेणखताच्या ढिगात पिंपं पुरली आणि त्यात अंडी ठेवली. थर्मामीटर घरचाच, उष्णता बरोबर. तरी पिल्लं मेली. कुजणाऱ्या खताची दमट वाफ पिंपात शिरत होती. अंड्याला ऊब मिळत होती, पण कोरडी आणि ताजी हवा मिळत नव्हती. मग त्यानं वाफ आत येणार नाही असा बंदोबस्त केला, झाकणाला भोकं पाडून बुचं बसवली, आणि बुचं कमी-जास्त उघडून काम जमवलं. बेकरीच्या भट्टीशेजारच्या उबदार खोलीतही त्यानं पिल्लं काढली.

शेतकऱ्याकडे थर्मामीटर नसणार हे त्याला ठाऊक होतं. त्यासाठी त्यानं साधी युक्ती काढली. लोणी आणि त्याच्या निम्मी जनावराची चरबी एकत्र वितळवून बाटलीत भरायची. मिश्रण पातळ झालं की ऊब पुरेशी. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण चुलीजवळची वस्तू वापरायला त्याला कमीपणा वाटला नाही.

रेओम्यूरचं पिंप आजही गावोगावी चालू आहे. डब्याला खाली-वर दोन भोकं असतात, ती थंडीत ऊब जाते म्हणून चिंधीनं बंद केलेली. आत पाण्याच्या दोन वाट्या, वर ओला टॉवेल, काचेवर पाणी ओघळतंय. विचारलं तर उत्तर येतं, "आर्द्रता लागते ना." लागते, पण केव्हा आणि किती, ते बघावं लागतं. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. २१ दिवसांत त्यातून प्राणवायू आत जातो, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. पाणी बाहेर पडलंच पाहिजे. तेवढी जागा रिकामी होऊन बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते, आणि शेवटी पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीत घेतं. पाणी गेलं नाही तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू कवच फोडायच्या आधीच आत गुदमरतं.

किती पाणी जायला हवं हे अमेरिकेतल्या बफेलोच्या हर्मन रान आणि अमोस आर या दोघांनी १९७० च्या दशकात अनेक जातींच्या पक्ष्यांची अंडी मोजून मांडलं. पक्षी लहान असो की मोठा, पूर्ण उबवणीत अंड्याचं साधारण १५ टक्के वजन पाण्याच्या रूपानं जातं. कोंबडीच्या अंड्यात १८ व्या दिवसापर्यंत ११ ते १३ टक्के वजन कमी झालं की हिशेब बरोबर. म्हणजे गावरान कोंबडीचं ४५ ग्रॅमचं अंडं १८ व्या दिवशी साडेएकोणचाळीस-चाळीस ग्रॅमवर यायला हवं. दागिने मोजायचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा मिळतो, त्यावर दहा अंडी पेन्सिलीनं नंबर टाकून पहिल्या दिवशी, नवव्या दिवशी आणि अठराव्या दिवशी मोजा. नवव्या दिवशी निम्मी घट दिसली पाहिजे. घट कमी असेल तर पाणी काढा, जास्त असेल तर वाटी वाढवा. कोकणातल्या पावसाळ्यात कित्येकदा १८ दिवस आत पाणी ठेवायची गरजच पडत नाही, आणि मराठवाड्यात एप्रिलमध्ये दोन वाट्याही पुरत नाहीत. पुस्तकातला ५०-५५ टक्के आकडा ठीक आहे, पण स्वस्तातले आर्द्रतामापक दहा-पंधरा टक्के सहज खोटं बोलतात. काटा बोलत नाही. मापक तपासायचाच असेल तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी टाकून ओलसर करा, मापकासोबत घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. जेवढा फरक, तेवढी त्याची खोट.

आता उष्णतेकडे येतो. आपले लोक सगळा वेळ इथंच घालवतात, खरं तर हा भाग सगळ्यात आधी सुटलेला आहे. कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच माणसानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच विस्तव आपोआप कमी-जास्त करणारी भट्टी बनवून अंडी उबवली होती. १८८१ मध्ये इंग्लंडच्या हिअरसननं पितळी पत्र्याची चपटी डबी आणली. आत लवकर उकळणारं द्रव. ठरावीक तापमान झालं की डबी फुगायची, दांडा उचलायची आणि दिव्याची ऊब बाजूला वळवायची. जुन्या मशिनमध्ये 'वेफर' म्हणून जी फुगणारी चकती असायची ती याच घराण्यातली. त्याच सुमारास, १८७९ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात लायमन बाइस यानं आयझॅक डायसबरोबर मशिन तयार केलं, आणि पुढे ते गाव अंड्यांसाठी प्रसिद्ध झालं.

म्हणजे थर्मोस्टॅटचा प्रश्न सुटून जमाना झाला. आज चार-पाचशे रुपयांचा कंट्रोलर ते काम करतो. राहिलेला प्रश्न आहे तो थर्मामीटर कुठं ठेवलाय याचा. त्या काळातल्या मशिनना पंखा नव्हता. पंखा नसलेल्या डब्यात गरम हवा वर, गार हवा खाली. अंड्याच्या वरच्या अंगाला १०१ असताना खालच्या अंगाला बरंच कमी असू शकतं. कोंबडीखाली तरी काय असतं? वरून पोटाची ऊब, खालून माती. म्हणून बिनपंख्याच्या मशिनमध्ये अंड्याच्या वरच्या पातळीला १०१ ते १०२ फॅरेनहाइट ठेवायचं, आणि पंख्याच्या मशिनमध्ये हवा सगळीकडे सारखी म्हणून ९९.५ ते ९९.९. लोक पंख्याचा आकडा बिनपंख्याच्या डब्याला लावतात. सेन्सर झाकणाला लोंबतोय, अंडी खाली चार बोटांवर. झाकणाजवळ ९९.५ म्हणजे अंड्याला त्याहून कमी, मग पिल्लं तेविसाव्या दिवशी मऊ, मोठं पोट घेऊन निघतात, नाहीतर निघतच नाहीत. सेन्सर अंड्याच्या वरच्या पातळीला आणा. त्याची खातरजमा तापाच्या डिजिटल थर्मामीटरशी करा, दोन्ही एकाच कोमट पाण्याच्या ग्लासात धरून. मशिन बदलायच्या आधी एवढं करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

पंख्याची गोष्ट थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली होती. ओहायो राज्यातले डॉ. स्मिथ यांना १९१८ मध्ये एका मोठ्या मशिनचं पेटंट मिळालं. एकाच खोलीत वेगवेगळ्या दिवसांची अंडी ठेवायची, पंख्यानं हवा फिरवायची आणि ती सगळ्यांवरून सारखी न्यायची. इतरांनी तशी मशिनं केली, भांडण लागलं, आणि १९३५ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्मिथ यांच्या बाजूनं निकाल दिला. त्या वादाच्या मुळाशी इजिप्तच्या भट्टीवाल्यांना हातानं समजलेली गोष्टच होती. सुरुवातीच्या दिवसांत अंडं ऊब खातं, नंतरच्या दिवसांत आतलं पिल्लू स्वतः ऊब सोडतं. जुन्या अंड्यांची ऊब नव्या अंड्यांना द्यायची, म्हणजे एक बाजू तापत नाही, दुसरी गार पडत नाही. बांगलादेशात बदकाची अंडी भाताच्या तुसात उबवतात, तिथंही हेच. जुन्या अंड्यांच्या उबेवर नवी अंडी चालतात.

लाइट जाते तेव्हा हेच ज्ञान कामाला येतं. पहिल्या आठवड्यात तीन-चार तास लाइट गेली तर डब्यावर गोधडी टाका, गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवा, फार घाबरू नका. कोंबडीही रोज चरायला उठतेच. पण सतराव्या-अठराव्या दिवशी डबा भरलेला असताना पंखा बंद पडला आणि तुम्ही सगळीकडून गच्च झाकलं, तर आतली अंडीच एकमेकांना तापवतात आणि हवाही संपते. तेव्हा गार हवेपेक्षा गुदमरणं जास्त घातक. भोकं उघडी ठेवूनच झाका. गारव्यानं पिल्लू एक दिवस उशिरा निघेल, पण १०४ च्या वर काही तास गेले तर आख्खी बॅच जाते. आमच्याकडे रवणीच्या टोपलीत विजेच्या भीतीनं लोखंडाचा तुकडा ठेवतात. आता वीज कडाडली की लाइट जाते, तेवढ्यापुरती ती भीती खरी आहे, पण लोखंडापेक्षा इन्व्हर्टर बरा.

अंडी फिरवण्याबद्दल थोडक्यात. एकलशायमर नावाच्या संशोधकानं १९०७ मध्ये आकडे दिले : न फिरवलेल्या अंड्यांतून १५ टक्के पिल्लं, दिवसातून दोनदा फिरवलेल्यांतून ४५, पाच वेळा फिरवलेल्यांतून ५८. न फिरवलेल्या अंड्यात गर्भाचे पापुद्रे कवचाला किंवा बलकाला चिकटतात आणि पुढची वाढ अडते. हातानं फिरवत असाल तर विषम वेळा फिरवा, म्हणजे रात्रीची लांब बैठक रोज त्याच अंगावर होत नाही. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. मोटारीचा ट्रे असेल तर तो खरंच कलतोय का ते डोळ्यानं बघा. मोटार फिरते आणि ट्रे जागचा हलत नाही असे नमुने मी बघितलेत. आणि ट्रेत अंडं ठेवताना निमुळतं टोक खाली. उलटं ठेवलं तर बऱ्याच पिल्लांचं डोकं चुकीच्या टोकाला जातं, पोकळीपासून लांब.

आता मुख्य गोष्ट. १९१९ मध्ये पेन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं न फुटलेली अंडी फोडून प्रत्येक गर्भ कितव्या दिवशी मेला याची नोंद मांडली. त्यात दोन उंचवटे निघाले. एक चौथ्या दिवसाच्या आसपास आणि दुसरा एकोणिसाव्याच्या आसपास. मधले दिवस बरेचसे शांत. चौथ्या दिवशी रक्ताभिसरण उभं राहत असतं, एकोणिसाव्याला पिल्लू पापुद्र्यातून मिळणाऱ्या हवेवरून फुप्फुसावर येत असतं. हे दोन अवघड घाट. चांगल्या कळपात, चांगल्या मशिनमध्येही या दोन घाटांत थोडी पिल्लं जातात. तुमची अंडी कोणत्या घाटात नेहमीपेक्षा जास्त गेली, त्यावर कारण कळतं.

गेल्या उन्हाळ्यातलं उदाहरण सांगतो. आमच्या तालुक्यातल्या एका ताईंनी बचत गटाचं कर्ज काढून मशिन घेतलं. शंभर अंडी टाकली, अडतीस पिल्लं निघाली. घरात ठरलं की कोंबडा निकामी आहे, विकून टाकू, आणि मशिन परत करू. मी म्हटलं, ताई, कोंबडा विकायच्या आधी बासष्ट अंडी फोडून बघू. परसात बसलो, जाड टोकाकडून चमच्यानं एकेक उघडलं. (नाकाला रुमाल बांधा, आणि सडून फुगलेलं अंडं लांब धरून फोडा.) खरी वांझ निघाली नऊ. बलकावर बारीक, घट्ट पांढरा ठिपका असतो ते वांझ. सदतीस अंड्यांत रक्ताचं कडं किंवा बोटाच्या पेरापेक्षा लहान गर्भ. मधल्या दिवसांतली चार. शेवटच्या दिवसांतली, पूर्ण वाढलेली, बारा.

शंभरात नऊच वांझ म्हणजे कोंबडा चांगला. शेवटची बारा ही थोडी जास्त, पण त्यानं मशिन निकामी ठरत नाही. सगळा घोटाळा पहिल्या चार-पाच दिवसांत, आणि एवढी अंडी पहिल्या घाटात गेली की आधी अंड्यांच्या साठवणीकडे बघायचं. ताईंनी बारा दिवसांची अंडी जमवली होती, पत्र्याच्या स्वयंपाकघरात, मे महिन्यात.

याचं उत्तर १९०२ सालचं आहे. एडवर्ड्स नावाच्या अमेरिकन संशोधकानं दाखवलं की साधारण २०-२१ अंश सेल्सिअसच्या खाली कोंबडीच्या अंड्यातला गर्भ झोपून राहतो, त्यावर गेलं की वाढायला लागतो. पुढच्यांनी हा आकडा थोडा वर नेला, पण मुद्दा तोच. पत्र्याखाली दुपारी ४० अंश, रात्री २८. गर्भ अर्धवट जागा होतो, वेडावाकडा वाढतो, दमतो. मशिनमध्ये जायच्या आधीच तो मेलेला किंवा मरायला टेकलेला असतो. मशिननं पुढे कितीही नेमकं ९९.५ दिलं तरी काय उपयोग? बॅटरीवर बघितलं तर असं अंडं वांझासारखंच दिसतं, म्हणून दोष कोंबड्यावर जातो.

ताईंनी मशिनही बदललं नाही आणि कोंबडाही. एका मोठ्या माठाभोवती ओली वाळू घातली, सावलीत ठेवला, अंडी त्यात निमुळतं टोक खाली करून, वर ओलं फडकं, पण अंड्याला पाणी लागू द्यायचं नाही. सात दिवसांच्या पुढची अंडी घरात खायला. अंडी रोज सकाळी आणि दुपारी गोळा करायची, खुराड्यात पडू द्यायची नाहीत. पुढच्या बॅचला पहिल्या घाटातली मर निम्म्याहून कमी झाली. उन्हाळ्यात कोंबड्याचं बीज खरंच कमजोर पडतं, ते नाकारत नाही, पण त्याची खूण वेगळी. तेव्हा ठिपकावाली वांझ अंडी वाढतात, रक्ताची कडी नव्हे. दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो, पण तो दिवसभर सावलीत आणि पाण्याजवळ असला पाहिजे.

मधल्या दिवसांची मर, म्हणजे साधारण आठव्यापासून चौदाव्यापर्यंतची, वाढली तर मशिन सोडा आणि खाद्य बघा. १९३० च्या दशकात हे एकेक करून उलगडलं. रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, कमी पडलं तर गर्भ याच दिवसांत मरतात, आणि त्यांची लव सरळ न राहता गुठळ्यांसारखी वळलेली दिसते. मँगेनीज कमी असेल तर पाय आखूड, चोच पोपटासारखी. नुसती ज्वारी-मका आणि तांदळाच्या कण्या खाणाऱ्या, बंद खुराड्यातल्या कोंबड्यांत हे घडतं. बाजारातलं लेअर खाद्यही बियाण्याच्या अंड्यांसाठी पुरेसं नसतं, ते खायच्या अंड्यांसाठी बनवलेलं असतं. लसूणघास, शेवग्याचा पाला, मोकळं चरणं, आणि अंडी जमवायच्या किमान दोन आठवडे आधीपासून जीवनसत्त्वं. आदल्या दिवशी औषध पाजून काही होत नाही.

शेवटच्या घाटातली मर मात्र बहुतेक वेळा मशिनच्या खात्यावर जाते. पूर्ण वाढलेलं पिल्लू, चोच पोकळीत शिरलेली नाही, अंगाला चिकट पाणी : आर्द्रता १८ दिवस जास्त होती. पापुद्रा कागदासारखा वाळून पिल्लाला चिकटलेला : शेवटचे तीन दिवस कोरडे गेले, किंवा दर तासाला झाकण उघडून कौतुक बघितलं. पिल्लं विसाव्या दिवसाच्या आधीच, बेंबी लाल आणि उघडी : उष्णता जास्त. १८ व्या दिवशी फिरवणं थांबवा, आर्द्रता ६५-७० वर न्या, भोकं पूर्ण उघडा आणि झाकणाला हात लावू नका. चोच मारल्यापासून बाहेर येईपर्यंत पिल्लाला अर्धा दिवस, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तोपर्यंत ते आतली रक्तं आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. मदत म्हणून कवच सोलणारे त्याला रक्तबंबाळ करतात.

एक धोका मशिननं नवा आणला. कोंबडीखाली दहा-बारा पिल्लं, मशिनमध्ये शेकडो एकत्र. अंड्यातून पिल्लात जाणारा पांढऱ्या हगवणीचा रोग, पुलोरम, त्याचा जंतू अमेरिकेत रेटगर यांनी १९०० च्या सुमारास शोधला, आणि तो हॅचऱ्यांतून इतका पसरला की १९३५ मध्ये तिथं देशपातळीवर कळप तपासण्याची योजना सुरू करावी लागली. एक रोगी कोंबडी, एक अंडं, आणि त्या लवेची धूळ पंख्यावर. म्हणून प्रत्येक बॅचनंतर लव झाडा, डबा धुवा, जंतुनाशक मारून उन्हात वाळवा. शेणानं भरलेली अंडी मशिनमध्ये नकोतच. ती गार पाण्यात धुऊन टाकणं आणखी वाईट, घाण छिद्रांतून आत ओढली जाते.

आपल्याकडे हे सगळं ज्ञान घराबाहेर गेलं त्याला कारण आहे. पूर्वी खुडूक कोंबडी घरात होती, तिलाच सगळं कळायचं. मग सरकारी कुक्कुट प्रक्षेत्रं आली, मोठ्या खासगी हॅचऱ्या आल्या, १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली, आणि एक दिवसाचं पिल्लू डब्यातून विकत मिळायला लागलं. लेगहॉर्नसारख्या अंड्यांच्या जातीत तर खुडूक बसण्याचा गुणच निवडीनं काढून टाकलेला. दोन पिढ्या आपण पिल्लू विकत घेतलं. आता गावरान आणि कडकनाथला भाव आला (झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं), तेव्हा उबवणी पुन्हा घरात आली, पण आजीला जे माहीत होतं ते मधल्या काळात गळून गेलं.

कडकनाथवरून आठवलं. लांबून कुरिअरनं महागडी अंडी मागवणाऱ्यांनी ती आल्या आल्या मशिनमध्ये टाकू नयेत. हादऱ्यांनी हवेची पोकळी सुटून आत फिरत असते. बॅटरी लावून बघा, कडा हलताना दिसेल. निमुळतं टोक खाली करून गार, सावलीच्या जागी एक रात्र तशीच ठेवा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग मशिनमध्ये. ज्यांची पोकळी अजून हलतेय त्यांच्यावर पेन्सिलीनं खूण करा आणि पहिले दोन-तीन दिवस फिरवू नका. बाविसाव्या दिवशी ती खूण केलेली अंडी वेगळी फोडा आणि मोजा, म्हणजे पुढच्या वेळी त्या माणसाकडून अंडी घ्यायची की नाही ते तुमचं तुम्हालाच कळेल.